नारळ फुटण्याआधी

"ह्या दार हय कित्याक गो?"

आयेनं डोक्यावरची मासळीची रिकामी पाटी अजून खाली उतरवली नव्हती. एका हातानं पाटी धरून, दुसऱ्या हाताचं बोट तिनं नेमकं जिथं दाखवायला नको होतं तिथं दाखवलं. होडी आमच्या माडांच्या शेडमध्ये ओंडक्यांवर उभी होती. दोन लांब, अरुंद धडं शेजारी शेजारी, आणि त्यांना जोडणारा एकच सपाट डेक वर. या दोन धडांच्या मधल्या बोळात, डाव्या धडाच्या आतल्या अंगाला, माणूस खांदे आवळून बाहेर पडेल एवढं चौकोनी दार मी बसवलं होतं. त्याला रबराची पट्टी होती आणि दोन जाड पितळी कड्या होत्या.

सावळाराम मेस्तानं रंधा थांबवला. तो बिचारा मला महिनाभर सांगत होता, की बाय, त्या दाराला होडीचाच रंग मार, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. मी ऐकलं नव्हतं. मला त्या दाराचा भारी अभिमान होता.

"वाऱ्याक, आये," माझा धाकटा भाऊ दिगू घाईघाईनं म्हणाला. "आतमध्ये लय उकडता."

"वाऱ्याक वर खिडकी आसा. मी तुका इचारूक नाय. जेना बसवल्यान तेका इचारतंय."

आणि ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या आईच्या नजरेपुढे मालवणच्या बाजारातली भली भली गिऱ्हाइकं भाव पाडायची विसरत, तिथं माझा काय पाड!

"होडी उलटली तर आतल्या माणसाक भायर येवक," मी म्हणाले.

'उलटली' हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण बांगडी फुटली असं जसं कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. दिवा विझवला न म्हणता शांत केला म्हणतात. तशी आमच्या गाबीत मच्छीमारांच्या वस्तीत होडी कधी उलटत नाही. फार तर 'आडवी होते'. तेसुद्धा हळू आवाजात, आणि दुसऱ्याची. मी कोचीला जहाजबांधणी शिकून आले होते, गोव्याच्या गोदीत चार पावसाळे काढले होते, आणि तिथं दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरून माझी जीभ सैल झाली होती.

आयेची मात्र पापणीसुद्धा लवली नाही. "आणि उलटली, तर सुलटी होता?"

तो शब्द तिच्या तोंडून ऐकून सावळाराम चरकला. दिगू तिच्या पाठीमागून मला हातवारे करत होता. हो म्हण, हो म्हण. एवढंच म्हणायचं होतं. आईला कुठं बोटींचं गणित कळत होतं!

"नाय," मी म्हणाले. "ही सुलटी होणा नाय. उलटली की उलटीच ऱ्हवता. पण बुडणा नाय, आये. कायव झाला तरी ही होडी बुडणा नाय."

आयेनं पाटी सारखी केली. "मगे दिगू ह्येतूर जावचो नाय," असं सहज, बाजारात बोंबील संपले म्हणून सांगावं तसं सांगून ती माडांतून घराकडे चालती झाली.

एवढ्या एका वाक्यानं आमच्या दोघांचं काय होणार होतं ते सांगायला हवं. आमचे बाबा, म्हणजे पांडुरंग तांडेल, खाडीच्या तोंडाशी होडी आडवी होऊन गेले, तेव्हा मी कोल्हापूरला मामाकडे शिकत होते आणि दिगू पाटी-दप्तर घेऊन नुकता शाळेत जायला लागला होता. बाराव्या दिवशी आयेनं त्याला गावच्या देवापुढं, वेतोबापुढं उभं करून शपथ घातली, की आईनं तोंडानं 'जा' म्हटल्याशिवाय समुद्राच्या होडीत पाय ठेवणार नाही. पोरानं ती पाळली. अंगात होडी हाकणाऱ्या तांडेलाचं रक्त आणि नोकरी बर्फाच्या कारखान्यात. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून दुसऱ्यांच्या होड्या येताना बघायचा आणि वारा कुठून आहे ते कोणी न विचारताच सांगायचा. त्याच्यासाठी मी ही होडी बांधली. गोदीतली नोकरी सोडून बांधली. आणि खरं सांगायचं तर त्याच्याएवढीच स्वतःसाठी बांधली, कारण गोदीत मला खनिजाच्या बार्जेसखेरीज कशाचाही आराखडा कोणी काढू देत नव्हतं.

गावात तिची टिंगल व्हायची ती झालीच. आमच्याकडच्या लहान होडीला एका बाजूनं लाकडाचा ओंडका जोडतात, तोल राहावा म्हणून. त्याला उलांडी म्हणतात. मी म्हटलं, बाबांनो, ही दोन धडांची होडी म्हणजे त्या उलांडीचीच मोठी बहीण. तर ट्रॉलरवाले आबा मेथर म्हणाले, "उलांडी मोठी होवन होडयेच्या बरोबरीक बसली? मगे सासू कोण नि सून कोण?" यावर वस्ती आठवडाभर हसली. हसू दे. दिगू एकदा गळाची मासळी भरून त्या होडीतून आला असता, तर त्याच लोकांनी माझ्या दारात रांग लावली असती. पण ती होडी समुद्रात न्यायला तयार असलेला गावात एकच माणूस होता आणि त्याची शपथ आईच्या पदराला बांधलेली होती. ती नाही म्हणाली, की त्याचा बर्फ त्याला आणि माझे बार्ज मला.

संध्याकाळी जेवणाला बसलो तर दिगूनं भाताला हात लावला नाही.

"खोटा बोलाक तुझ्या जिभेक काय झाला होता?" तो मला म्हणाला. आये चुलीपाशी होती. ऐकू जाऊ नये एवढा हळू त्याचा आवाज नव्हता. "बापसाची होडी सुलटी झाली होती? गावातली खयची होडी सुलटी होता? मगे आमचीच कित्याक होवक होयी?"

"ज्या होड्यांच्या तळाला शिशाचं वजन असतं, त्या होतात," मी म्हणाले. भांडताना मी गोदीतल्या भाषेवर जात असे. "पण भोक पडलं की तेच शिसं त्यांना तळाला घेऊन जातं. आपली हलकी आहे. तिच्या पोटात मी दोन्ही टोकांना फोम भरलाय. ती उलटी होऊन पंधरा दिवस तरंगेल. आणि तिच्यावर बसता येईल."

"ता माका कळता! आयेक कोण सांगतला?"

"दाखवूया," मी म्हणाले. आणि बोलून गेल्यावर मला कळलं, की मी हे शेडमध्येच ठरवलं होतं. "खाडीत नेऊन उलटी करूया. तिच्या डोळ्यांदेखत. मी आत बसेन आणि त्या दारातून बाहेर येईन."

दिगू माझ्याकडे बघतच राहिला. मुद्दाम? नवी होडी? आपल्या हातानं? चुलीपाशी आयेनं तवा उतरवला, हात पुसले, आणि आमच्यापुढं येऊन बसली.

"आत किती माणसां मावतत?"

"दोन," मी म्हणाले. "अडचणीत तीन."

"मगे मी बसतलंय तुझ्यावांगडा."

"तू पिशी झालंस की काय, आये?" दिगू ताटावरून उठलाच. "तुका बाजारातली पायरी चढताना धाप लागता!"

"माका पोहूक येता. तुझ्या आधीपासून येता." तिनं माझ्या ताटात भात वाढला. "माझ्या झिलाक ज्या होडयेत बसवतलंस, तेतूर आधी मी बसान बघतलंय. नायतर ह्यो विषय माझ्यासमोर परत काढूचो नाय."

मी तिला परोपरीनं सांगितलं. पाणी गार असेल, दार अरुंद आहे, डोक्याला लागेल. ती प्रत्येक गोष्टीला "हां" म्हणत जेवली, आणि ताटात हात धुऊन उठली. आमच्या घरात आयेचं 'हां' म्हणजे ऐकून घेतलं, इतकंच.

आता होडी उलटी करायची, तर ओढायला ट्रॉलर हवा, आणि ट्रॉलर म्हणजे आबा मेथर. आबा बाबांचे जुने सोबती. मनानं लोणी, पण त्यांनी मला दारातूनच परतवायचा घाट घातला.

"शालन, तू माका दुसरा कायव सांग. ट्रॉलराक काडी लाव म्हण, लावतंय. पण नवी होडी माझ्या हातान आडवी करूक सांगा नको. माझी माणसां दुसऱ्या दिवसापासून कामार येवची नाय. आणि माझी बायल माका घरात घेवची नाय, ता येगळाच."

मी समुद्रशास्त्रापासून सुरुवात केली. आबा माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होते आणि त्यांच्या कानात एक अक्षर शिरत नव्हतं. शेवटी आये माझ्या मागून पुढं आली. ती बरोबर आली होती हेही मला तेव्हाच कळलं.

"आबा, होडयेचो नारळ फुटलो?"

"नाय. तुमी सांगूक नाय आमका."

"फुल्ला घातली? कुंकू लावला? नाव ठेवला?"

"नाय."

"मगे ती होडी न्हय. नारळ फुटाक नाय तोवर ता लाकूड. लाकूड आडवा ठेव, उभा ठेव, उपडा ठेव, दर्याक तेचा काय?" तिनं पदर सारखा केला. "नारळ फुटल्यावर कोणी तिका आडवी केली तर मी पयली तेच्या अंगार जायन."

आबांनी बराच वेळ दाढी खाजवली. माणसाला मनातून जे करायचं असतं पण करवत नाही, त्याला धर्मातून वाट काढून द्यावी लागते, हे मी पुढं उभ्या जन्मात अनेकदा वापरलं. तेव्हा मात्र मी आईकडे नुसती बघत होते. इतकी वर्षं ती खाडीच्या पाण्याकडे पाठ करून बाजाराची वाट धरायची, आणि आता एका लाकडासाठी भांडत होती. कशासाठी, ते मला कळेना. मुलाची काळजी म्हणावी, तर नाही म्हणून बसणं किती सोपं होतं.

"एकदाच," आबा म्हणाले. "एकदा आडवी, एकदा सुलटी. परत मागायला येवचा नाय."

मला आधी रिकामी होडी उलटवून बघायची होती. ती सोय त्या 'एकदाच'नं गेली.

ठरल्या दिवशी सकाळी भरती थांबायच्या सुमाराला होडी खाडीत उभी होती. डोलकाठी आम्ही काढून ठेवली होती. उजव्या धडाला दोर बांधून तो डेकवरून आडवा घेतला होता आणि डाव्या बाजूला दूर उभ्या आबांच्या ट्रॉलरवरच्या रहाटाला गुंडाळला होता. रहाट फिरला, की उजवं धड उचलून डाव्यावरून पलटी खाणार. डावं धड जागच्या जागी फिरेल, म्हणून आम्ही त्यात बसायचं. दिगू छोट्या होडीत वल्हं घेऊन जवळ, आणि त्याच्यासोबत सावळाराम, हातात कुऱ्हाड घेऊन. दार अडकलंच तर वरून तळ फोडायचा. आपणच घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या तळावर कुऱ्हाड घेऊन बसायची पाळी त्याच्यावर आली होती, आणि तो आमच्याकडे बघायचं टाळत होता.

किनाऱ्यावर अख्खी वस्ती. कोणी बोलत नव्हतं. आयेनं नऊवारीचा कासोटा घट्ट मारला, कानातल्या कुड्या काढून आबांच्या बायकोच्या हातात दिल्या आणि वरच्या खिडकीतून आत उतरली. मी मागून उतरले. आत एक अरुंद बाकडं आणि उभं राहण्यापुरती जागा, एवढंच होतं. मी तिच्या कमरेला पट्टा बांधला, भिंतीवरच्या पट्ट्यांत तिचे हात अडकवले.

"आधी डोकं खाली जाईल," मी सांगितलं. "मग पाणी येईल. कमरेइतकं येऊन थांबेल. घाबरायचं नाही. मी तीन ठोके मारीन, म्हणजे बाहेर कळेल. मग दार उघडायचं."

"हां."

मी पिंपातून मोठ्यानं हाक मारावी तशी हाक मारली, "आबा, ओढा!"

दोराला ताण आला. होडी कण्हली. आम्ही दोघी हळूहळू पाठीवर झालो, मग भिंत जमीन झाली, आणि क्षणभर सगळं तसंच थांबलं, जणू होडीनं मन बदललं. मग उजवं धड पलीकडे धाडकन पाण्यावर आदळलं. माझा खांदा कशावर तरी आपटला. मी आईचा पट्टा सोडला आणि आम्ही दोघी छतावर पाय टेकून उभ्या राहिलो. खिडकीतून पाणी घुसलं, खारं, गार, भसाभस. मी आकड्यांनी कागद भरून काढले होते, की ते कमरेशी थांबेल. तरी ते मांड्यांवरून चढायला लागलं तेव्हा मी त्या कागदावरचा माझा सगळा विश्वास गमावला. मला इतकी भीती पुढं कधीच वाटली नाही.

पाणी कमरेशी थांबलं.

आम्ही छतावर उभ्या होतो आणि होडीचा तळ आमच्या डोक्यावर होता. मी तीन ठोके मारले. बाहेरून दिगूचा ओरडल्याचा आवाज आला, दूरवरून आल्यासारखा.

"चल आये," मी म्हणाले आणि दाराच्या कडीला हात घातला.

"थांब."

तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. तिचे केस सुटून खांद्यांवर चिकटले होते. ती सगळीकडे बघत होती. वर, बाजूला, मग खाली पाण्यात.

"दार नसता तर माणूस हय किती वेळ टिकता?"

"दार आहे ना, आये. चल."

"नसता तर?"

"नसतं तर... लगेच जातो माणूस. त्याला कळतसुद्धा नाही."

"शालन." तिनं मला नावानं फारच क्वचित हाक मारली असेल. एरवी मी नुसती चेडू, म्हणजे पोर. "होडयेचा खरा सांगितलंस. ह्या पण खरा सांग."

बाहेर सावळाराम तळावर ठोकत होता. आम्ही बाहेर येत नाही म्हणून.

"हवा असते," मी म्हणाले. "माणूस टिकतो. थोडा वेळ. कधी कधी बराच वेळ."

"हां," आये म्हणाली. "माका म्हायत होता."

मग तिनं जे सांगितलं ते असं. बाबांची होडी उपडीच वाहत वाळूला लागली, तेव्हा दोघे खलाशी पोहून आधीच आले होते. बाबा पुढच्या खणात सापडले, जाळी काढायला शिरले होते तिथंच. सगळ्यांनी तिला सांगितलं, एका दणक्यात गेला, काही कळलंच नसेल. आबांनी सांगितलं, भटजीनं सांगितलं, भेटायला आलेल्या मामानं सांगितलं. तिनं सगळ्यांना मान हलवली. पण अंघोळ घालताना त्यांचे हात तिनं धुतले होते.

"बोटांची नखां ऱ्हवाक नव्हती गो," ती म्हणाली. "फळयेचे कुसे आतमध्ये रुतलेले. ते मी एकेक काढलंय. कोणाक सांगूक नाय. कोणाक सांगतलंय?"

मी रडायला लागले. इतकी वर्षं तीही माझ्याजवळ कधी बोलली नाही, आणि मीही दाराबिराचं जे काही केलं ते पुस्तकात सांगितलंय म्हणून केलं, असंच समजत होते. मी तिला घट्ट धरलं. ती मात्र रडत नव्हती. ती खाली, पाण्यात बघत होती.

"माका फकस्त एक बघूचा होता," ती म्हणाली. "त्येका केवढो काळोख दिसलो असतलो, ता. रोज निजताना माका ताच दिसा. काळोख. डोळ्यांत बोट घातला तरी दिसाचा नाय, असो काळोख. आणि तेतूर एकटोच."

तेव्हा कुठं मी नीट बघितलं. आत काळोख नव्हता. आमच्या पायांखालच्या खिडकीतून, पाण्यातून गाळून, वर हिरवा उजेड येत होता. बाहेर सकाळचं ऊन होतं आणि त्याचा तो उजेड तिच्या हनुवटीवर, डोक्यावरच्या फळ्यांवर हलत होता. तिच्या कपाळावरचं गोंदण मला स्पष्ट दिसत होतं.

"सकाळची वेळ होती तेव्हा पण," आये म्हणाली. "अशीच. न्हेरीची."

"हो."

"मगे उजेड असतलो."

"असणार, आये. पाण्यातून येतो."

"आमची घरां थयसून दिसणा नाय. पण उजेड असतलो." तिनं हात पाण्यात घातला, तो हिरवा उजेड ओंजळीत येतो का ते बघितल्यासारखा, आणि तेच पाणी तोंडावर मारलं. मग माझे डोळे आपल्या ओल्या पदरानं पुसले, जे त्या खाऱ्या पाण्यात अगदीच निरुपयोगी होतं. "चल. ता दार माका उघडूक दी."

कड्या जड होत्या, मी मुद्दाम तशा केल्या होत्या. तिनं पहिली दोन्ही हातांनी फिरवली. दुसरी फिरेना. मी पुढं झाले तर तिनं कोपरानं मला मागं सारलं, पाय भिंतीला लावला, आणि ओठ दाबून ती कडी फिरवली. दार बाहेरच्या बाजूला उघडलं आणि आत एकदम पांढरं ऊन आलं. आये डोकं घालून बाहेर गेली.

बाहेर काय झालं होतं ते मला नंतर कळलं. ठोके झाले, आणि मग काहीच नाही. किनाऱ्यावर बायकांनी ओरडायला सुरुवात केली. आबा स्वतः कपड्यांसकट पाण्यात उतरले. सावळाराम तळावर चढून कुऱ्हाड उगारून उभा होता आणि दिगू त्याला एकदा 'मार' म्हणत होता, एकदा 'थांब'. तेवढ्यात दोन धडांच्या मधल्या बोळातून आमची आई बाहेर आली.

मागून मी बाहेर पडले तेव्हा ती वर चढून उपड्या तळावर बसली होती, पाय सोडून, केस पिळत. होडी खाडीच्या पाण्यावर पाट मांडल्यासारखी निश्चल होती. दिगू पाण्यातून पोहत आला आणि तळाला धरून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला.

"आये, काय करी होतंस गो इतको वेळ आतमध्ये? काय करी होतंस?"

तिनं खाली वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. किनाऱ्यावरची सगळी वस्ती ऐकत होती.

"उजेड बघी होतंय," ती म्हणाली. "आतमध्ये उभ्या ऱ्हवाक जागा आसा. आणि भायर येवक दार आसा." मग तिनं त्याच्या खांद्यावरून समुद्राच्या बाजूला, खाडीच्या तोंडाकडे बघितलं. बाबा गेल्यापासून मी तिला तिकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"नारळ फोड," ती दिगूला म्हणाली, "आणि जावन ये."